मटण स्ट्रीटवरची जुनी चिनी भांडी: काय घ्यावं, काय परत ठेवावं

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची ख्याती लाकडी फर्निचर, झुंबरं, ग्रामोफोन आणि घड्याळांची. चिनी मातीची भांडी तिथे कोपऱ्यात, धूळ खात, बऱ्याचदा पितळी दिव्यांच्या मागे रचलेली असतात. तरीही १८८० ते १९४० या काळातली इंग्रजी आणि जपानी जेवणाची, चहाची भांडी जमवणाऱ्याला मुंबईत यापेक्षा चांगली गल्ली सुचवता येणार नाही. चीनच्या मिंग किंवा चिंग घराण्यातल्या सम्राटाचा शिक्का असलेली फुलदाणी हवी असेल, तर मात्र इथे येऊ नका. ती इथे भरपूर दिसेल, अडचण तीच आहे.

ग्रँट रोड पूर्वेकडून किंवा सँडहर्स्ट रोडवरून चालत जाता येतं. दुकानं अकराच्या सुमारास उघडू लागतात. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर पथाऱ्या लागतात. पथारीवर सुटे नग मिळतात: बशीविना कप, झाकणाविना साखरदाणी, एकुलती एक प्लेट. स्वस्त पडतात, पण अंधुक उजेडात तडा दिसत नाही, म्हणून नवख्याने शुक्रवार टाळावा. दुपारी बाराच्या पुढे जा आणि प्रत्येक नग दुकानाच्या दारापर्यंत, उन्हात आणून बघा. दुकानदार त्याला हरकत घेत नाहीत. आतल्या पिवळ्या बल्बखाली पांढऱ्याच्या सगळ्या छटा सारख्याच दिसतात आणि डागडुजी लपते.

इथले बहुतेक व्यापारी अख्ख्या घराचा माल एका लॉटमध्ये उचलतात. त्यामुळे कपाट कितीला गेलं पाहिजे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या कपाटातल्या बश्यांबद्दल तसं सांगता येत नाही. “पारसी के घर का माल है” हे वाक्य दर दुसऱ्या दुकानात ऐकू येईल. कधी ते खरंही असतं, पण त्यासाठी पैसे मोजायचे नसतात. भांडं पालथं करून जे दिसतं, त्यासाठी मोजायचे.

त्या वाक्यामागचा इतिहास मात्र खरा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईहून कापूस आणि पुढे अफू चीनमधल्या कँटन बंदराला जाई. परतीच्या जहाजांवर चहा, रेशीम, साखर आणि भांडी येत. भांडी जड आणि पाण्याने न बिघडणारी, म्हणून जहाजाच्या तळाशी जात आणि चहाच्या पेट्या त्यांच्यावर कोरड्या राहत. जमशेटजी जीजीभाईंसारख्या पारशी व्यापाऱ्यांची संपत्ती याच मार्गावर उभी राहिली. मुंबईच्या जुन्या घरांत कँटनची गुलाबी-हिरवी ताटं आली ती त्याच वाटेने. गोव्यातल्या जुन्या वाड्यांत, चांदरच्या ब्रागांझा घरासारख्या ठिकाणी दिसणारी चिनी भांडी पोर्तुगीजांच्या मकाव व्यापाराशी जोडलेली आहेत. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आगबोटी वाढल्या आणि इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरचा स्वस्त छापील माल इथे येऊन पडला. पहिल्या महायुद्धात युरोपचा पुरवठा आटला, तेव्हा जपानी कपबश्यांनी जागा घेतली. आज मटण स्ट्रीटवर जे रचलेलं दिसतं, त्यातला मोठा भाग या शेवटच्या दोन लाटांचा आहे.

भांडं हातात घेतल्यावर आधी ते कशाचं आहे ते ठरवा, कारण दुकानात लोणच्याच्या बरणीपासून बोन चायनापर्यंत सगळ्याला ‘चिनी’च म्हणतात. भांडं उजेडासमोर धरा आणि मागे बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. दिसली नाही तर बहुधा साधी पांढरी माती किंवा आयर्नस्टोन. जाड पोर्सिलेनमधून उजेड येत नाही, म्हणून बघायचं ते काठापाशी. बुडाच्या गोल कडेवर झिलई नसते तिथे ओल्या बोटाने पाण्याचा थेंब लावा. माती तो शोषून घेते, पोर्सिलेनवर तो तसाच राहतो. अस्सल पोर्सिलेनची झाक थंड, किंचित निळसर किंवा करडी असते. चीनमधल्या चिंगडेझन या भांड्यांच्या शहरात शतकानुशतकं केओलिन ही पांढरी माती आणि चायना स्टोन हा दगड यांचं मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजलं जाई. युरोपला हे साधलं ते थेट १७१० च्या सुमारास, सॅक्सनीतल्या माइसेनमध्ये. बोन चायनाचा पांढरा रंग उबदार, दुधाळ असतो. त्यात जवळपास निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. इंग्लंडमधल्या स्टोकच्या स्पोड कारखान्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे मिश्रण रुळवलं.

शिक्क्यात ‘चायना’ लिहिलंय म्हणून पोर्सिलेन समजू नका. ‘आयर्नस्टोन चायना’ हे नाव मेसन या इंग्रज कारखानदाराच्या १८१३ च्या पेटंटमुळे रूढ झालं. ती जड, मजबूत, अपारदर्शक माती आहे. नंतर कित्येक कारखान्यांनी ते नाव वापरलं, त्यामुळे १८१३ हे आकडे शिक्क्यात असले तरी ते भांड्याचं साल नव्हे.

इंग्रजी माल हा या बाजाराचा सगळ्यात भरवशाचा भाग आहे, कारण तारीख काढता येते. शिक्क्यात पतंगासारखा चौकोन असेल तर डिझाइनची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. वरच्या टोकाच्या गोलात रोमन चार असतो, तो मातीच्या वस्तूंचा वर्ग. १८४२ ते १८६७ पर्यंत सालाचं अक्षर त्या गोलाच्या लगेच खाली असतं, १८६८ पासून उजव्या कोपऱ्यात. १८८४ पासून चौकोन गेला आणि ‘आरडी नंबर’ म्हणजे नोंदणी क्रमांक आला, तोही एकपासून सुरू. १८९० च्या सुरुवातीला हा आकडा सुमारे १,४१,००० वर होता आणि १९०० च्या सुरुवातीला सुमारे ३,५१,००० वर. हे दोन आकडे फोनमध्ये ठेवले तरी निम्म्या प्लेटांचं काम भागतं. मात्र हा आकडा डिझाइन कधी नोंदलं ते सांगतो, प्लेट कधी भाजली ते नाही. खपणारं डिझाइन पुढे वीस-तीस वर्षं निघत राही.

‘इंग्लंड’ असा शिक्का साधारण १८९१ पासून दिसतो, ‘मेड इन इंग्लंड’ बहुधा विसाव्या शतकातला. इथे एक चूक सर्रास होते. देशाचं नाव सक्तीचं केलं ते अमेरिकेच्या १८९० च्या, १८९१ पासून लागू झालेल्या आयातकायद्याने. कारखान्यांनी सोयीसाठी सगळ्याच मालावर ते छापलं, पण मुंबईला येणाऱ्या मालावर ते असलंच पाहिजे असं नव्हतं. म्हणून देशाचं नाव असेल तर भांडं १८९१ नंतरचं समजायला हरकत नाही. नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. दुकानात याच्या नेमकं उलट ऐकवतात: “नाम नहीं है, मतलब बहुत पुराना है।” आणि ‘डिशवॉशर सेफ’ असं बारीक अक्षरांत छापलेली प्लेट राणी व्हिक्टोरियाच्या काळातली म्हणून पुढे आली, तर हसू आवरून ती परत ठेवावी.

निळी विलो प्लेट, म्हणजे पूल, पुलावर तीन माणसं, वर दोन पक्षी, इथे ढिगाने मिळते. चित्र चिनी वळणाचं असलं तरी घडलं इंग्लंडमध्ये. जुनी छपाई तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर आणि कागदावरून प्लेटवर घेत, त्यामुळे काठाच्या पट्टीत कागदाचा सांधा कुठेतरी नीट जुळलेला नसतो. तो सांधा सापडला की निम्मं काम झालं. दहापट भिंगाखाली जुन्या छपाईत कोरलेल्या रेघा आणि हाताने ठोकलेले ठिपके दिसतात. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ते नवं डेकल, म्हणजे वरून चिकटवलेलं छापील चित्र. मागच्या बाजूला काठाजवळ तीन बारीक ओरखडेवजा खुणा असतात, त्या भट्टीतल्या आधाराच्या. त्यांना टवके समजून भाव पाडायला जाऊ नका, दुकानदार ओळखतो.

मीकिन, जॉन्सन ब्रदर्स, ग्रिंडली या स्टॅफर्डशायर नावांची भांडी रोजच्या वापराची होती आणि आजही त्याच भावाने घ्यावीत. हॉलंडमधल्या मास्ट्रिख्तच्या रगू कारखान्याच्या स्फिंक्स शिक्क्याच्या वाट्याही अधूनमधून दिसतात. ठसठशीत रंगांचा, पौर्वात्य बाजारांसाठी काढलेला हा माल अजून फारसं कुणी जमवत नाही, म्हणून आत्ताच बघावा. बंगाल पॉटरीज, ग्वाल्हेर पॉटरीज, मोरवीची परशुराम पॉटरी यांचे शिक्के दिसले तर तेही उचला. आपल्याकडच्या कारखान्यांचा माल जमवणारे कमी आहेत आणि दुकानदार त्याला अजून ‘देशी’ म्हणून बाजूला सारतात.

रेल्वेची भांडी हा मुंबईचा खास विषय. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या दोन्ही रेल्वे कंपन्यांच्या नावांचा अंत ५ नोव्हेंबर १९५१ ला झाला. त्यातून मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. त्यामुळे त्या अक्षरांची प्लेट त्याआधीची असायला हवी. याच कारणाने कोऱ्या पांढऱ्या प्लेटवर अक्षरं चिकटवण्याचा मोह होतो. नख अक्षरांच्या कडेवरून फिरवा. अक्षरं झिलईच्या वर बसली असतील तर पायरी जाणवते. जुन्या वापराच्या प्लेटवर अक्षरं मुळातच वर छापलेली असू शकतात, पण मग त्यांची झीज बाकी प्लेटशी जुळली पाहिजे. प्लेट तिरकी धरली की सुरीकाट्याच्या रेघा दिसतात. त्या अक्षरांवरूनही गेल्या पाहिजेत. रेघांवर बसलेली ताजी अक्षरं म्हणजे नंतरचा उद्योग.

जपानी मालात ‘निप्पॉन’ हा शिक्का १८९१ ते १९२१ चा, त्यानंतर ‘जपान’, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातला, १९५२ पर्यंतचा. ही सालंसुद्धा अमेरिकी नियमातून आलेली आहेत, तेव्हा वरचीच सावधगिरी इथेही. नोरिताकेची मूळ कंपनी १९०४ ची, त्याआधीचं नोरिताके असूच शकत नाही. कागदासारखे पातळ कप, ज्यांच्या बुडाशी उजेडात गेशाचा चेहरा उमटतो, आणि उठावाचा करडा ड्रॅगन असलेले चहाचे सेट इथे हमखास मिळतात. ते बहुतेक १९२० नंतरचे. सुंदर आहेत, पण त्यांना ‘दीडशे साल पुराना’चा भाव देऊ नये. ड्रॅगनच्या उठावाचे तुकडे गळालेले असतात, ते बोट फिरवून तपासा. सात्सुमा, म्हणजे जपानी सोनेरी नक्षीची, म्हणून दाखवलेल्या फुलदाणीखाली इंग्रजीत ‘रॉयल सात्सुमा’ असेल, तर ती बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली चिनी वस्तू आहे.

आता चिनी माल. बुडाशी निळ्या सहा अक्षरांचा शिक्का म्हणजे सम्राटाचा काळ, हे सगळ्यांना माहीत झालंय, आणि नेमकं तेच गोत्यात आणतं. जुन्या सम्राटाचं नाव नव्या भांड्यावर लिहिणं ही चीनमध्ये आदराची रीत होती, सगळीकडे फसवणूक नव्हे. खुद्द कांगशी सम्राटाच्या राज्यात (१६६२–१७२२) चिंगडेझनला १६७७ मध्ये चालू सम्राटाचं नाव घालायला मनाई झाली. मग कारागिरांनी दोनशे वर्षं जुन्या चेंगह्वा सम्राटाचं नाव किंवा नुसती दोन वर्तुळं काढली. पुढे एकोणिसाव्या शतकात कांगशीचं नाव घालण्याचा सपाटा लागला, आणि आजचे कारखानेही तेच घालतात. थोडक्यात, शिक्का वाचून भाव ठरवायचा नाही. बुडाची कड बघायची. जुन्या भांड्यात ती वापराने गुळगुळीत झालेली असते, मळ खोल बसलेला असतो आणि झिलई संपते तिथे अनेकदा लोखंडामुळे आलेली नारिंगी रेघ असते. कोरी, खरखरीत कड किंवा चहाने, बूटपॉलिशने सारखी तपकिरी केलेली कड दिसली की पुरे. ओला कापूस फिरवला तर नकली मळ बऱ्याचदा निघून येतो.

चिनी वस्तूंत इथे घ्यावी अशी एकच गोष्ट वाटते: कँटनची गुलाबी ताटं, ज्यांत माणसांची आणि फुलापक्ष्यांची चित्रं आळीपाळीने खणांत असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ती निर्यातीसाठी रंगवली गेली आणि मुंबईच्या घरांत ती खरोखर होती. जुन्या ताटावर चेहरे हाताने, घाईत, प्रत्येकी वेगळे काढलेले असतात. सगळ्या बायका जुळ्या बहिणी दिसल्या तर ताट ठेवून द्या. नजर तयार करायला आधी एक दुपार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवा. सर रतन आणि सर दोराबजी टाटा यांनी जमवलेली चिनी-जपानी भांडी तिथे आहेत. अस्सल निळा किती खोल असतो हे काचेतून का होईना, कळतं.

डागडुजी ओळखणं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोठे पैसे इथेच बुडतात. बशी पाच बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारा. अखंड पोर्सिलेन खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द. मातीची भांडी मुळातच कमी वाजतात, त्यांच्यासाठी ही कसोटी निकामी. मग कपाच्या आतून टॉर्च मारा; केसाएवढा तडा बाहेरून काळी रेघ होऊन दिसतो. हँडल जिथे जोडलं जातं ते दोन बिंदू, किटलीची चोच आणि झाकणाची घुंडी, या जागा आधी बघायच्या. रंगवलेली डागडुजी ओठाला किंवा गालाला लावली तर आजूबाजूच्या झिलईपेक्षा उबदार लागते. टाचणी अलगद फिरवली तर झिलईवर घसरते, रंगावर अडकते. पण टाचणी दुकानदाराला विचारून. ३६५ नॅनोमीटरचा छोटा यूव्ही टॉर्च सोबत असेल तर शोकेसच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मारा. बरेचसे आधुनिक गोंद आणि रंग वेगळेच चमकून उठतात.

मागच्या बाजूला धातूचे टाके घातलेलं ताट मिळालं तर नाक मुरडू नका. तो जुना, प्रामाणिक दुरुस्तीचा प्रकार आहे आणि ते टाके काढायला जाऊ नये, ताट तिथेच फुटतं. सरसाने चिकटवलेली भांडी मात्र मुंबईच्या पावसाळ्यात सांधा सोडतात. उन्हाळ्यात घेतलेला सेट ऑगस्टमध्ये कपाटात सुटतो, त्याचं कारण हेच.

‘सेट’ म्हणून मिळणाऱ्या मालात लग्नं लावलेली असतात, म्हणजे वेगवेगळ्या सेटमधले नग जुळवलेले असतात. कप आणि बशीच्या बुडाशी हाताने लिहिलेला पॅटर्न नंबर जुळतो का, पांढरा रंग एकाच झाकेचा आहे का, सोनेरी कडेची झीज सारखी आहे का, एवढं पाहिलं की कळतं. झाकण भांड्यावर फिरवून बघा. खरं झाकण बहुतेक जागी सारखं बसतं.

भावाचा ठोकताळा असा: बारीक तड्याने किंमत निम्म्यावर येते, हँडल जोडलेलं असेल तर एक तृतीयांशावर. पहिला सांगितलेला भाव हा बोलणं सुरू करण्यासाठी असतो. निम्म्यापासून सुरुवात केली तर कुणी रागावत नाही. सुट्या नगापेक्षा सहा बश्यांचा लॉट मागितला की भाव खरा खाली येतो, कारण जागा मोकळी होणं हे त्यांनाही हवं असतं. भिंग काढल्यावर सूर बदलतो. कुठे आदराने चहा येतो, कुठे शोकेस बंद होतं.

बिल घ्याच, आणि त्यावर वस्तूचं वर्णन, अंदाजे काळ आणि ‘तडा आहे’ किंवा ‘दुरुस्त’ असं लिहून मागा. बरीच दुकानं नुसतं ‘क्रॉकरी’ लिहून मोकळी होतात, आणि या बाजाराचा आमच्या लेखी हा सगळ्यात मोठा उणेपणा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते, मग ती चीनमध्ये घडलेली का असेना. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातून सुट्टीवर आलेल्यांनी शंभरीच्या आतलाच माल घ्यावा, आणि जुनी दिसणारी वस्तू नेताना ती पुरावस्तू नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी काढावा. विमानतळावर वाद घालून उपयोग नसतो.

बांधाबांध दुकानावर सोपवू नका. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळून प्लेटा एकावर एक आडव्या ठेवतात. कोरा कागद आणि बबल रॅप घरून न्या. प्लेटा खोक्यात उभ्या ठेवा, कप एकात एक घालू नका, झाकण वेगळं गुंडाळा, आणि खोक्याच्या चारी बाजूंना दोन बोटं तरी मऊ भर राहू द्या. भांडं कधीही हँडलला धरून उचलायचं नाही, आत काही नसलं तरी.

घरी आणल्यावर बेसिनमध्ये जाड टॉवेल पसरून कोमट पाणी आणि सौम्य साबण, बस. जोडलेलं भांडं बुडवून ठेवू नका, ओल्या कापसाने पुसा. सोनेरी कडेवर घासणी, व्हिनेगर, लिंबू काही चालत नाही. मातीच्या प्लेटच्या झिलईत जाळं पडून तपकिरी डाग मुरले असतील तर सहा टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवून वरून प्लास्टिक गुंडाळा. दोन-तीन दिवसांत डाग फिका पडतो. कपडे धुण्याचं ब्लीच वापरलं तर क्षार आत शिरतात, वाळताना फुगतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. भिंतीवर टांगायला स्प्रिंगची तारेची पकड नको, ती काठाला सतत ओढत राहते. मागे चिकटणारी कापडी चकती बरी, पण मागची झिलई शाबूत असेल तरच.

चहा प्यायचाच असेल तर आतून पांढरा, रंगकाम नसलेला, जाळं न पडलेला बोन चायनाचा कप निवडा. कँटनच्या रंगीत वाडग्यात सोलकढी, चिंचेचं सार किंवा लोणचं ठेवू नका. झिलईच्या वर भाजलेल्या जुन्या रंगांत शिसं असतं आणि आंबटाने ते सुटतं.